बादलीतल्या विसर्जनानंतर शाडूचं काय करायचं?

गणपती घरीच बादलीत विसर्जन करणार असाल, तर मूर्ती घेतानाच शाडूचीच आहे ना, हे विचारून घ्या. हातात घेतल्यावर ती प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा जड लागते. उत्तरपूजेनंतर हार, दूर्वा, शेला उतरवा आणि मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात सोडा. ढवळू नका. आधी बुडबुडे येतात, मग सोंडेच्या, हातांच्या कडा हळूच सुटू लागतात. मुलांना ते शेजारी बसून बघू द्या, फार सुंदर असतं ते.

खरी चूक पुढे होते. तळाचा गाळ आपण भक्तिभावाने तसाच तुळशीत ओततो. शाडू वाळला की विटेसारखा घट्ट होतो, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. आमची तुळस अशीच गेली, अजून हळहळ वाटते. म्हणून वरचं पाणी निथळून गाळ जुन्या सुती पंच्यात बांधून टांगा. मळण्याजोगा झाला की घट्ट डब्यात भरून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच मातीची छोटी मूर्ती घरी करता येते. तेवढा वेळ नसेल तर मूर्तिकाराला विचारा, काहीजण माती परत घेतात.

कुंडीत घालायचीच असेल, तर एक वाटी शाडूला पाच-सहा वाट्या कंपोस्ट आणि बागेची माती मिसळा. मूर्ती रंगवलेली असेल, तर भाजीच्या कुंडीत मात्र नको. निर्माल्यातला दोरा काढा, फुलं कुस्करा आणि सुक्या पानांच्या थरात टाका.