इंग्लंडमधलं घर फर्निचरसह भाड्याने देताना: आगीचे नियम

इंग्लंडमधलं घर सोफा-पलंगासकट भाड्याने देणार असाल, तर आधी सोफा उलटा करून बघा. बसायच्या गादीखाली किंवा तळाच्या कापडावर शिवलेलं लेबल सापडलं पाहिजे. त्यावर ठळक अक्षरांत ‘केअरलेसनेस कॉझेस फायर’ असं छापलेलं असतं. हे लेबल कापून टाकलेलं असेल, तर सोफा कितीही नवा दिसला तरी नियमात बसतो हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. तो बदलणंच बरं.

१९८८च्या फर्निचर नियमांचा रोख भरावावर आणि वरच्या कापडावर आहे. पॉलीयुरेथेन फोम पेटला की खोली काही मिनिटांत काळ्या धुराने भरते, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. १९७९ साली मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फर्निचर विभागाला आग लागली आणि दहा माणसं गेली. ज्वाळा पोचण्याआधी धूरच जीव घेतो.

सोफा, खुर्च्या, सोफा-कम-बेड, पलंगाचा गादीदार हेडबोर्ड, गाद्या, उशा, कुशन हे सगळं या नियमांत येतं. पडदे, गालिचे, चादरी आणि दुलया येत नाहीत. १९५०च्या आधी बनलेलं फर्निचरही वगळलेलं आहे. गादीला सोफ्यासारखं कायमचं लेबल नसतं, तिच्यावर बीएस ७१७७ या ब्रिटिश मानकाची खूण शोधा. भारतातून नेलेली कापसाची गादी, लोड-तक्के यांवर यातलं काहीच नसतं. घर भाड्याने देण्यापूर्वी ते तिथून हलवा, माळ्यावरही ठेवू नका. मागच्या भाडेकरूने सोडलेला सोफा तसाच राहू दिलात, तर तो तुम्हीच दिल्यासारखा होतो. नियम मोडल्यास दंड आहेच, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून प्रत्येक लेबलाचा तारखेसह फोटो सामानाच्या यादीला जोडा.

राहत्या खोल्या असलेल्या प्रत्येक मजल्यावर निदान एक स्मोक अलार्म लागतो. माळ्याची बेडरूम केली असेल तर तोही मजलाच. अलार्म जिन्याजवळच्या छतावर, भिंत आणि दिवा यांपासून ३० सेंमी दूर बसवा. स्वयंपाकघरात मात्र स्मोक अलार्म नको. फोडणीच्या धुराने तो रोज किंचाळतो आणि चार दिवसांत भाडेकरू बॅटरी काढून ठेवतो. तिथे उष्णतेवर वाजणारा हीट अलार्म लावा. बॉयलर किंवा लाकडाची शेगडी असलेल्या राहत्या खोलीत ऑक्टोबर २०२२पासून कार्बन मोनॉक्साइड अलार्मही सक्तीचा आहे (स्वयंपाकाचा गॅस यात धरत नाहीत). तो उपकरणापासून एक ते तीन मीटरवर असावा. भाडं सुरू होण्याच्या पहिल्याच दिवशी सगळे अलार्म दाबून वाजवा आणि भाडेकरूची सही घ्या. बहुतेक स्मोक अलार्म दहा वर्षांनी बदलावे लागतात, तारीख मागच्या बाजूला असते.

विजेची तपासणी दर पाच वर्षांनी करून घ्यायची आणि अहवाल भाडेकरू राहायला येण्याआधी त्याच्या हातात द्यायचा. त्यात दोष निघाले तर २८ दिवसांत दुरुस्ती, आणि अहवालात त्याहून कमी मुदत दिली असेल तर तेवढ्यात. तुम्ही ठेवलेल्या टेबल-लॅम्पचा, किटलीचा, हीटरचा प्लग मात्र स्वतः उघडून बघा. ७०० वॉटपर्यंतच्या वस्तूला साधारणपणे ३ अँपिअरचा फ्यूज, किटली-हीटरला १३चा. लॅम्पच्या बारीक वायरीला १३चा फ्यूज असेल, तर फ्यूज उडण्याआधी वायर तापून पेटू शकते. गुंडाळी असलेला एक्स्टेंशन बोर्ड घरात ठेवूच नका. वायर न उलगडता त्यावर हीटर लावला की आतल्या आत ती वितळते.

गॅसची तपासणी मात्र दरवर्षी, आणि तीही ‘गॅस सेफ’ या गॅस-तंत्रज्ञांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्याच माणसाकडून. त्याचा दाखला २८ दिवसांत भाडेकरूला द्या. नवा भाडेकरू असेल तर तो राहायला येण्याआधीच द्या.