डावीकडे ओढणारी तीनचाकी

माझ्या तीनचाकी मोटरसायकलला मागे दोन चाकं. चालताना हँडल जरा डावीकडे ओढायचं, ब्रेक दाबला की जास्तच. आधी संशय हवेवर. पण दोन्हीकडे सारखी निघाली. मग ब्रेक फारसा न वापरता एक फेरी मारली आणि मागच्या चाकांच्या ड्रमजवळ (ब्रेकचा गोल डबा) हात नेला. उजवा कोमट, डावा चटका बसेल इतका तापलेला. म्हणजे डावा ब्रेक सुटतच नव्हता.

पुढच्या चाकाला अडण लावली, मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवला. (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. मी एकदा घातलाय.) ब्रेक शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) जाडीला ठीक होते, त्यांना फाकवणारा कॅमच वाळलेल्या ग्रीसने जाम. धूळ ओल्या फडक्याने पुसली, फुंकर मारली नाही. कॅमचा दांडा पॉलिश पेपरने घासला, ग्रीस अगदी ओझरतं लावलं. शूजला लागलं तर ब्रेकच गेला!

खरा वेळ खाल्ला तो पेडलपासून ब्रेकपर्यंत जाणाऱ्या रॉडच्या नटांनी. मुलगी पेडल दाबतेय, मी चाकं फिरवून बघतोय. कधी डावं आधी धरायचं, कधी उजवं. पाव-पाव आटा फिरवत अर्धा तास गेला. आता गाडी सरळ थांबते.