संगणक विकण्याआधी: पुसण्याची तयारी, क्रमाने

जुना संगणक विकायचं ठरलं की बरेच जण फाइली डिलीट करतात, रीसायकल बिन रिकामा करतात आणि मशीन गिऱ्हाइकाच्या हवाली करतात. हार्ड डिस्कवर यातून जवळजवळ काहीच पुसलं जात नाही. जाते ती फक्त अमुक फाइल अमुक ठिकाणी आहे ही नोंद. ती जागा मोकळी धरली जाते, पण तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर होता तिथेच राहतो. फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तर या नोंदींकडे बघतही नाही. ते डिस्क एका टोकापासून वाचत जातं आणि जेपीईजी फोटोच्या सुरुवातीला असणारी 'एफएफ डी८' ही खूण दिसली की तिथून फोटो उचलतं. क्विक फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरही ते चालतं, कारण क्विक फॉरमॅटमध्ये फक्त नोंदी नव्यानं मांडल्या जातात.

सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलट या एमआयटीतल्या दोघांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापले. चालू अवस्थेतल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांमधून पाच हजारांवर क्रेडिट कार्ड नंबर, आजारपणाची माहिती, लोकांचे ईमेल असं बरंच काही बाहेर आलं. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की एवढे कार्ड नंबर काही डिस्क विकणाऱ्यांचे स्वतःचे असणार नाहीत. आपल्या संगणकावरही आपण एकटे नसतो. भावाचं ओळखपत्र आपण कधीतरी स्कॅन केलेलं असतं, आईचे तपासणी अहवाल डाउनलोड झालेले असतात, शिकवणीच्या मुलांचे फोन नंबर एखाद्या एक्सेल शीटमध्ये पडून असतात. त्यांनी ते विश्वासानं दिलेलं असतं. म्हणून हे काम सौदा ठरल्यावर घाईघाईत उरकू नका, त्यासाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा.

सुरुवात बॅकअपनं करा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सगळ्यांना आठवतात. विसरतात ते डाउनलोड्स, डेस्कटॉप, ब्राउझरमधले बुकमार्क, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि आउटलुकसारख्या प्रोग्रामनं संगणकावरच साठवलेले जुने मेल. संगणकावर डिजिटल सही बसवलेली असेल तर तिची फाइल आणि पासवर्ड दोन्ही जपून बाहेर काढा. ओटीपी दाखवणारं ॲप संगणकावर असेल तर ते आधी फोनवर सुरू करा आणि तिथल्या कोडनं एकदा लॉगिन होतंय याची खात्री करून घ्या, नाहीतर पुसून झाल्यावर स्वतःच्याच खात्याच्या दाराबाहेर उभं राहायची वेळ येते. शक्य असेल तर बॅकअप दोन ठिकाणी ठेवा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. फोल्डरची नावं दिसली एवढ्यावर समाधान मानू नका. चार-पाच फोटो, एखादी पीडीएफ आणि एखादा व्हिडिओ मधूनच उघडून पाहा.

इथे एक सापळा आहे. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउड संगणकाशी जोडलेलं असताना त्या फोल्डरमधल्या फाइली डिलीट केल्या तर त्या क्लाउडवरूनही उडतात. आपण संगणक साफ करतोय असं वाटत असतं आणि तिकडे वर्षांचे फोटो कचरापेटीत जात असतात. म्हणून आधी हा संगणक त्या सेवेपासून तोडा. वनड्राइव्हमध्ये त्याला 'अनलिंक धिस पीसी' म्हणतात. आणखी एक गोष्ट, क्लाउडच्या फोल्डरमध्ये दिसणारी प्रत्येक फाइल संगणकावर असतेच असं नाही. कित्येकदा तिथे नुसतं चिन्ह असतं आणि फाइल इंटरनेटवर. बॅकअप घेताना ती आधी डाउनलोड झाली आहे ना, हे बघा.

मग खात्यांमधून बाहेर पडा. ब्राउझरमधून साइन आउट करा, साठवलेले पासवर्ड दुसरीकडे पोचलेत याची खात्री करा, व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून हा संगणक काढा. पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरकडे विशेष लक्ष द्या. अडोबीची क्रिएटिव्ह क्लाउड वर्गणी एका वेळी २ संगणकांवर चालू ठेवता येते, ॲपलवरून घेतलेली गाणी-सिनेमे ५ संगणकांवर. जुन्या मशीनवरची परवानगी तिथेच रद्द केली तर नव्यावर अडत नाही. मॅक असेल तर 'फाइंड माय' ही हरवलेलं उपकरण शोधण्याची सोय बंद होणं फार गरजेचं आहे. ती चालू राहिली तर अलीकडच्या मॅकवरचा, जुन्या मालकाच्या खात्याशी बांधलेला ॲक्टिव्हेशन लॉक सुटत नाही, आणि घेणाऱ्याच्या हातात पैसे मोजून आणलेली बंद पेटी पडते.

आता प्रत्यक्ष पुसणं. आत काय आहे हे आधी माहीत हवं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये गेलात की डिस्क एचडीडी (फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवर मजकूर साठवणारी, फिरता भाग नसलेली) ते लिहिलेलं दिसतं. दोन डिस्क असतील तर दोन्ही पुसायच्या आहेत हे लक्षात ठेवा. सी ड्राइव्ह साफ आणि डी ड्राइव्हवर सगळा संसार तसाच, असं सर्रास होतं.

फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क पुसायला सोपी, फक्त वेळखाऊ. सगळ्या डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की काम झालं. १९९६ साली पीटर गुटमन यांनी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली होती, तो आकडा अजून सांगोवांगी फिरतो. पण ती पद्धत त्या काळच्या आणि त्याआधीच्या वेगवेगळ्या डिस्कसाठी मिळून होती. आजच्या हार्ड डिस्कला एकदा पूर्ण लिहिणं पुरतं, असं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या मार्गदर्शिकेतही म्हटलं आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढे 'क्विक'ची खूण काढून केलेला फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. एक टेराबाइटच्या डिस्कला दोन-तीन तास सहज लागतात. काम पाच मिनिटांत संपलं, तर पुसलं गेलेलं नाही असं समजा.

एसएसडीचा मामला वेगळा. तिच्यातल्या पेशी, म्हणजे मजकूर साठवणारे चिमुकले कप्पे, एकसारख्या झिजाव्यात म्हणून ड्राइव्ह स्वतःच मजकुराची जागा बदलत राहतो. तुम्ही एखाद्या फाइलवर शून्यं लिहिलीत, तर ती दुसऱ्याच पेशींत जाऊन बसतात आणि जुनी प्रत मागे राहू शकते. शिवाय काही जागा राखीव असते, तिथे विंडोजचा हातच पोचत नाही. ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिलीट केलेलं बऱ्याचदा लवकर नाहीसं होतं, पण ते कधी आणि किती हे ड्राइव्ह ठरवतो. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं, तेव्हा एकेक फाइल पुसण्याच्या सगळ्या पद्धती एसएसडीवर अपुऱ्या ठरल्या. म्हणून जुन्या हार्ड डिस्कसाठी केलेली डीबॅनसारखी साधनं इथे वापरू नका. ड्राइव्हच्या कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा संगणकाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) असलेला 'सिक्युअर इरेज' हा पर्याय शोधा. तो ड्राइव्हलाच स्वतःला रिकामं करायला सांगतो.

हे जमणार नसेल, तर घरच्या वापरासाठी मी सुचवेन तो मार्ग असा: आधी सगळी डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदला, मग रीसेट करा. विंडोजमध्ये बिटलॉकर हा एन्क्रिप्शनचा पर्याय असेल तर तो चालू करताना फक्त वापरलेली जागा न निवडता संपूर्ण ड्राइव्ह निवडा. पूर्ण होऊ द्या. मग सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असं जा. पुढे 'चेंज सेटिंग्ज' येतं. तिथे आत शिरून 'क्लीन डेटा' चालू करा आणि विचारलं तर सगळे ड्राइव्ह निवडा. बहुतेक लोक याच पडद्यावर घाईनं 'नेक्स्ट' दाबतात. 'क्लीन डेटा' हे घरगुती वापरापुरतं आहे, सरकारी वा व्यावसायिक निकषांत ते बसत नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. पण आधी एन्क्रिप्शन झालेलं असेल तर चुकून मागे राहिलेला तुकडाही किल्लीशिवाय वाचता येत नाही. चार्जर लावून ठेवा, मध्ये बंद करू नका.

मॅकवर हे बरंच सोपं झालंय. टी२ ही सुरक्षेची चिप असलेल्या किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या मॅकवर, मॅकओएसच्या २०२१ च्या मॉन्टरे आवृत्तीपासून, 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हा पर्याय आहे. तो खात्यातून बाहेर काढतो आणि एन्क्रिप्शनची किल्लीच नष्ट करतो. त्याआधीच्या मॅकवर फाइलव्हॉल्ट हे मॅकचं एन्क्रिप्शन चालू करून, आयक्लाउडमधून साइन आउट करून, रिकव्हरी मोडमधल्या डिस्क युटिलिटीतून ड्राइव्ह पुसावा लागतो.

विंडोज नव्यानं टाकून दिलं की झालं, असं म्हणणाऱ्यांवर विसंबू नका. नवं विंडोज थोडी जागा व्यापतं, उरलेल्या डिस्कवरचं जुनं तसंच राहू शकतं. संगणक चालूच होत नसेल, तर हार्ड डिस्क काढून केबलनं दुसऱ्या मशीनला जोडून पुसता येते. तेही जमलं नाही तर डिस्क काढून घ्या आणि बाकीचं मशीन डिस्कशिवाय विका. भाव कमी येईल, येऊ द्या. काही लॅपटॉपमध्ये एसएसडी बोर्डवरच डाख देऊन पक्की बसवलेली असते, ती काढता येत नाही. असा बंद पडलेला लॅपटॉप, एन्क्रिप्शन चालू होतं याची खात्री नसेल तर, मी कुणालाही विकणार नाही.

पुसून झाल्यावर एकदा चालू करून बघा. भाषा आणि देश विचारणारा पडदा आला पाहिजे. तिथेच बंद करा, पुढची खाती घेणारा उघडेल. मन भरत नसेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून फोटोरेक चालवून पाहा. विंडोजची स्वतःची चित्रं सापडतील, त्यानं घाबरू नका. आपला एकही चेहरा दिसता कामा नये. बायोसला पासवर्ड घातला असेल तर काढा. कार्ड रीडर, डीव्हीडीचा खण, यूएसबी पोर्ट तपासा. माउसचा चिमुकला रिसीव्हर आणि मेमरी कार्ड तिथेच राहून जातं. खालच्या बाजूला चिकटवलेली नाव-फोन नंबरची पट्टी सोलून काढा.

मशीन गेल्यावर गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलच्या खात्यांत जाऊन उपकरणांच्या यादीतून जुना संगणक काढून टाका. ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करण्याचा पर्याय दिसला तर तोही दाबा. बॅकअपच्या दोन प्रतींपैकी एकीला, नव्या संगणकावर सगळं नीट लागेपर्यंत, हात लावू नका.