पावसाळ्यात साइटची माती शेजाऱ्याच्या दारात? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात, डोंगराच्या पायथ्याला, एका साइटवर मी मे महिन्यात फुटिंगचे, म्हणजे पायाचे, खड्डे खोदून ठेवले होते. वळिवाची एकच सर आली, जेमतेम पाऊण तास. सकाळी बघतो तर खड्ड्यांत गुडघाभर राडा आणि शेजारच्या काकांच्या अंगणात आमची काळी माती. काका पायरीवर बसूनच म्हणाले, "हिकडंच बांधायलात का काय बिल्डिंग?"

पाऊण तासाच्या पावसानं एवढं काय होतंय, असं वाटतं. पण पाच गुंठ्यांवर 40 मिमी पाऊस पडला की वीस हजार लिटर पाणी होतं. उन्हाळ्यात आपण ज्यासाठी ताटकळतो ते दहा हजारी दोन टँकर! वरच्या रस्त्याचं पाणी येतं ते वेगळंच.

माझी पहिली चूक जेसीबीवाल्याचं ऐकण्याची. "आलोच आहे तर सगळा प्लॉट साफ करून देतो." गवत, झुडपं गेली आणि माती उघडी पडली. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिलं पाणी त्यांतच मुरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरूनच पळतं, माती घेऊन. तिचे कण इतके बारीक, की बादलीत धरलेलं गढूळ पाणी रात्रभर ठेवलं तरी नितळत नाही. म्हणून माती खाली अडवण्यापेक्षा जागची हलू न देणं स्वस्त पडतं. लागेल तेवढाच तुकडा उघडा, ढिगावर ताडपत्री टाका. ढीग खड्ड्याच्या काठापासून निदान दीड मीटर लांब हवा, नाहीतर काठाच्या भेगेत पाणी शिरून कड ढासळते. खाली माणूस असला तर विचारायलाच नको.

दुसरी चूक म्हणजे पाणी अडवायच्या सगळ्या गोण्या गेटवर. पाणी शिरतं वरच्या हद्दीतून. गावाकडं पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडं करतात, शहरात आल्यावर मात्र आपण ते विसरतो. वरच्या बाजूला चारी काढा, तिची माती खालच्या काठावर दाबून बांध घाला आणि ते स्वच्छ पाणी साइटला न शिवता पावसाळी गटारीकडं न्या. शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नका! चारीला उतार जास्त असेल तर मध्ये दगडांचे छोटे बांध घाला. बांध मध्यभागी खोलगट ठेवा, कारण सपाट बांधाच्या दोन्ही कडा पाणी हमखास पोखरतं.

हिरवी शेडनेट लावून "गाळ अडवला" म्हणणारे खूप भेटतात. तिच्या भोकांतून काळी माती चहासारखी गाळून जाते. खालच्या हद्दीला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून गाळ अडवणारं कापड लावा. त्याचा खालचा काठ अर्धा फूट चरात पुरा, खांब उताराच्या बाजूला ठोका आणि दोन्ही टोकं चढाकडं वळवा. लोंढ्याच्या वाटेत मात्र हे कापड टिकत नाही, तिथं दगडच लागतो.

खड्ड्यातलं पाणी उपसताना पंप थेट राड्यात सोडू नका. भोकं पाडलेला ड्रम खडीत बसवा, पंप त्याच्या आत ठेवा आणि उपसलेलं पाणी आधी साइटवरच्याच एखाद्या खड्ड्यात थांबवा. पीसीसीआधी, म्हणजे पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर टाकण्याआधी, तळाची मऊ झालेली माती खरवडून काढा. मी एकदा घाई केली होती, तो खर्च अजून आठवतो.

गेटवर मोठ्या खडीचा जाड थर द्या, टिपरची चाकं तिथंच झटकली जातात. रस्त्यावर चिखल आला तर दुचाकीवाले घसरतात, आणि टँकरनं धुतला तर तोच गटारीच्या चेंबरमध्ये जातो. फावड्यानं उचला. चेंबरवर गोणी दाबून बसवू नका, रस्त्यावर तळं होतं आणि रात्री कुणीतरी ती ओढून फेकतंच.

मराठवाड्यात बऱ्याचदा सप्टेंबरातला पाऊस जूनपेक्षा जड असतो. तोवर कापडामागं गाळ भरलेला असतो. उंचीच्या एक तृतीयांशावर आम्ही खांबांना लाल रंगाचा पट्टा मारलाय. गाळ पट्ट्याला टेकला की मुकादम मला न विचारताच फावडं उचलतो.