डाग नसलेल्या पानातला विषाणू

परभणीला वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करताना मी ऑर्किडचा विषाणू हा विषय घेतला, तेव्हा घरून पहिला प्रश्न आला, "सोयाबीन-कपाशी सोडून हे काय काढलंस?" प्रश्न रास्तच होता. आपल्याकडं झाडाच्या खोडावर ऑर्किड दिसलं की लोक बांडगूळ म्हणून ओरबाडून टाकतात. बिचारं झाडाचा रस पीत नाही, नुसतं टेकून असतं.

माझे नमुने होते एका काकांच्या शेडनेटमधल्या डेंड्रोबियम या ऑर्किडचे. एका कुंडीतल्या पानांवर तपकिरी चट्टे होते. ती रोगट धरली आणि शेजारची हिरवीगार कुंडी निरोगी म्हणून तुलनेला घेतली. सिंबिडियम मोझॅक या ऑर्किडच्या विषाणूसाठी आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश वाढवून शोधणारी चाचणी) लावला, तर बँड, म्हणजे विषाणू असल्याची पट्टी, आला हिरव्यागार झाडाचा. चट्टेवाल्याची जागा कोरी. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून दरवेळी नवं ब्लेड आणि नवे हातमोजे घेऊन पुन्हा नमुने काढले. नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली नळी (कंट्रोल) स्वच्छ, निकाल तोच. चट्टे उन्हाचे होते. त्या बाजूची जाळी फाटलेली होती.

म्हणून नव्यांना आधी हेच सांगेन: 'निरोगी' झाड डोळ्यांनी निवडू नका, तेही तपासून घ्या. ऑर्किडमध्ये हा विषाणू कित्येकदा लक्षणं न दाखवता राहतो. शिवाय ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट विषाणूचीही चाचणी करा, कारण दोघं पुष्कळदा एकाच झाडात सापडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सिंबिडियम मोझॅकचे कण लवचीक, सुमारे ४७५ नॅनोमीटर लांब. दुसऱ्याचे ताठ, सुमारे ३०० नॅनोमीटर.

पीसीआरचा बँड म्हणजे अर्धीच ओळख. विषाणू दुसऱ्या झाडाला लागून डाग पाडतो का, तेही बघायचं. पानाचा रस फॉस्फेट बफरमध्ये वाटून, पानाला बारीक ओरखडे पाडणारी कार्बोरंडमची पूड भुरभुरून, चिनोपोडियमच्या पानांवर हलक्या बोटानं चोळायचा. चिनोपोडियम म्हणजे आपल्या चाकवताचंच भावंड. पान सोलवटलं तर जखमेचे डाग आणि विषाणूचे डाग वेगळे कळत नाहीत, म्हणून नुसता बफर चोळलेली रोपंही शेजारी ठेवा. माझी पहिली खेप मे महिन्याच्या उन्हात करपली. हे काम हिवाळ्यात करा.

शेवटी आवरण-प्रथिनाच्या (विषाणूच्या कवचाच्या प्रथिनाच्या) जनुकाचा क्रम काढून ज्ञात क्रमांशी ताडून बघायचा. सिंबिडियम मोझॅक ज्यात येतो त्या पोटेक्सव्हायरस गटात या जनुकाचं न्यूक्लिओटाइड (जनुकातल्या अक्षरांचं) साम्य ७२ टक्क्यांहून कमी असेल, तरच वेगळ्या प्रजातीची चर्चा सुरू होते. दोन-चार टक्क्यांच्या फरकावर 'नवा विषाणू सापडला' असं लिहायची घाई करू नका.

निकाल घेऊन काकांकडं गेले. या विषाणूला वाहक कीड माहीत नाही. तो कात्रीनं, हातानं पसरतो, हे समजावलं. ते बराच वेळ गप्प राहिले. चट्टेवाल्या कुंड्या त्यांनी केव्हाच उपटून टाकल्या होत्या, आणि सगळ्यांत देखणं म्हणून त्या हिरव्यागार झाडाचीच पिल्लं काढून, एकाच कात्रीनं, अख्खी रांग वाढवली होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या रांगेतली एकेक कुंडी तपासायला घेतली.