कॉलेज फुटबॉलचा गेम स्टेडियमात जाऊन बघायचाय? दिवस वाया जाऊ नये म्हणून काय करायचं

अमेरिकेत नवीन आलेलं कुणी भेटलं की हा प्रश्न हमखास येतो, कॉलेज फुटबॉलचं (पायानं खेळतात तो नव्हे, बॉल हातात घेऊन पळतात तो अमेरिकन फुटबॉल) एवढं ऐकलंय, एखादा गेम बघायला जावं का? आणि इथे पंधरा वर्षं काढलेल्यांना विचारा, ते म्हणणार सोड रे, घरी टीव्हीवर छान दिसतं, कोण बसणार तिथे चार तास उन्हात. मला दोघांचंही पटतं, कारण मी दोन्हीकडून गेलोय, आधी वेड्यासारखा प्रत्येक शनिवारी जायचो, मग तीन सीझन अजिबात गेलो नाही, आणि आता परत जातो पण विचार करून. माझं म्हणणं एवढंच की लोक खेळाला कंटाळलेले नाहीत, ताटकळत बसायला कंटाळलेत. त्यामुळे ताटकळणं कमी कसं करायचं आणि जे उरतं त्या वेळात काय करायचं हे कळलं की दिवस मस्त जातो.

आधी परिस्थिती सांगतो. सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, २००८ च्या आसपास गेमला सरासरी ४६ हजारांच्या पुढे लोक यायचे, २०१८ मध्ये तो आकडा ४२ हजारांच्या खाली गेला. आणि हा जाहीर केलेला आकडा बरं का, त्यात विकलेली तिकिटं, वाटलेली तिकिटं सगळं आलं. वॉल स्ट्रीट जर्नलनं २०१८ मध्ये गेटवर खरोखर स्कॅन झालेली तिकिटं मोजली तर ती जाहीर आकड्याच्या साधारण ७१ टक्केच निघाली. नंतर थोडंफार सावरलंय, आणि मोठ्या टीम्सचं वेगळंच असतं, मिशिगनचं १,०७,६०१ जणांचं स्टेडियम आजही भरतं, नेब्रास्काकडे १९६२ पासून घरचा प्रत्येक गेम सोल्ड आउट आहे. पण अलाबामासारख्या सारखं जिंकणाऱ्या टीमलासुद्धा २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी शेवटपर्यंत थांबावं म्हणून ॲप काढावं लागलं, आलात की १०० पॉइंट, चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत बसलात की आणखी २५०. जिंकणारी टीम असूनही पोरं उठून जातात म्हणजे दुखणं दुसरीकडेच आहे ना.

ते दुखणं मैदानाच्या कडेला उभं असलेलं दिसतं. साइडलाइनवर लाल टोपी घातलेला एक माणूस असतो, टीव्हीवाल्यांचा. तो आत आला की जाहिराती चालू झाल्या असं समजायचं. २२ खेळाडू नुसते उभे, रेफ्री कमरेवर हात ठेवून उभे, आणि तुम्ही बाकावर बसलेले, दोन-तीन मिनिटं काहीही होत नाही. टचडाउन झाला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकापर्यंत नेला, की ब्रेक, मग किकऑफ, म्हणजे बॉलला लाथ मारून खेळ परत सुरू, आणि किकऑफ झाला की कधीकधी लगेच अजून एक ब्रेक. खेळाचं घड्याळ ६० मिनिटांचं आणि गेम चालतो तीन तास वीस मिनिटांच्याही पुढे, त्यात हाफटाइमच २० मिनिटांचा. २०२३ मध्ये नियम बदलला, फर्स्ट डाउननंतर (टीमनं दहा यार्ड पुढे सरकून नवे चार प्रयत्न मिळवले की) घड्याळ थांबायचं ते आता फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांतच थांबतं, पण जाहिराती तेवढ्याच राहिल्या त्यामुळे बसलेल्या माणसाला फारसा फरक जाणवत नाही, उलट खेळच थोडा कमी झाला असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं. पहिलं काम, गेम नीट निवडायचा. लोक इथेच चुकतात. मोठं नाव बघून सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारचं तिकीट काढतात, समोर कुठलीतरी पैसे देऊन बोलावलेली छोटी टीम, हाफटाइमला ४२-० आणि डोक्यावर ऊन. कधीतरी उलटं होतं, २००७ मध्ये अ‍ॅपलाचियन स्टेटनं मिशिगनला त्यांच्याच घरी ३४-३२ ने हरवलं होतं, पण त्या आशेवर तिकीट काढू नका. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात हा उत्तम काळ, हवा चांगली, कॉन्फरन्समधले, म्हणजे आपल्याच साखळीतल्या टीम्सशी होणारे गेम चालू झालेले आणि दोन्ही टीम्सना काहीतरी मिळवायचं असतं. थँक्सगिव्हिंगच्या शनिवारचा कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा गेम मिळाला तर सोनंच, पण तो महाग आणि थंडी कडाक्याची.

वेळेचं बघा. गेम कोणत्या शनिवारी आहे हे कधीचं ठरलेलं असतं पण किती वाजता हे टीव्ही चॅनल ठरवतं, बऱ्याचदा १२ दिवस आधी आणि कधीकधी फक्त ६ दिवस आधी कळतं. म्हणून किकऑफची वेळ कळायच्या आधी विमानाचं किंवा हॉटेलचं असं बुकिंग करू नका जे रद्द करता येत नाही. मी एकदा संध्याकाळचा गेम धरून सकाळी निघायचं ठरवलं होतं, तो दुपारी १२ चा झाला आणि पहाटे चारला उठून गाडी हाणली, पोचलो तेव्हा दुसरा क्वार्टर चालू होता.

तिकिटाचं असं आहे की साध्या गेमची रीसेलची किंमत शुक्रवार-शनिवारकडे घसरत जाते, कारण सीझन तिकीटवाले जे येणार नसतात ते मिळेल त्या भावाला काढून टाकतात, आणि आता असे खूप आहेत. मोठ्या गेमला मात्र थांबण्यात अर्थ नाही. मे २०२५ पासून नियमानं सगळी फी धरून एकूण किंमत आधीच दाखवावी लागते, त्यामुळे दोन साइट्सची तुलना करणं तरी सोपं झालंय. तिकीट फोनवरच असतं, ते घरून निघायच्या आधी फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा, कारण एक लाख माणसं एका जागी आली की नेटवर्क झोपतं आणि गेटवर गोल गोल फिरणारा लोडिंगचा चक्राकार बाण बघत मागच्यांचे टोमणे ऐकावे लागतात.

सीट निवडताना अगदी पुढच्या रांगा घेऊ नका, खेळाडू साइडलाइनवर उभे राहतात आणि तुम्हाला त्यांच्या पाठी दिसतात. थोडं वर बसा, मैदानावरच्या २० आणि ४० यार्डांच्या रेषांच्या मध्ये, किंवा स्वस्तात हवं असेल तर कोपऱ्यात वरच्या बाजूला, तिथून सगळी रचना उलगडताना दिसते. बहुतेक स्टेडियम उत्तर-दक्षिण असतात म्हणून दुपारच्या गेमला पश्चिमेच्या स्टँडला आधी सावली येते, पूर्वेला बसलात तर पूर्ण दुपार सूर्य तोंडावर. आणि बाक बहुतेक ठिकाणी नुसती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, त्यावर नंबर रंगवलेला, दोन नंबरांमध्ये साधारण ४५ सेंटीमीटर. नोव्हेंबरात ती पट्टी बर्फासारखी होते, जीन्समधून गारठा वर चढतो, म्हणून उशी न्याच, बिनखिशाची आणि बिनचेनची, नाहीतर गेटवर अडवतात. बॅग पारदर्शक लागते, साधारण १२ बाय ६ बाय १२ इंच हे माप चालतं. एकदा बाहेर पडलात की बऱ्याच ठिकाणी परत आत सोडत नाहीत, तेव्हा गाडीत काही विसरू नका. वीज चमकली तर खेळ थांबतो आणि शेवटच्या चमकण्यापासून ३० मिनिटं मोजतात, परत चमकली की परत शून्यापासून. आकाश काळं असेल तर रेनकोट न्या, छत्री नको, ती आत नेऊ देत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बसल्या बसल्या बघायचं काय. हे मला शेजारच्या सीटवरच्या काकांनी शिकवलं. मी शिकत होतो तेव्हा माझ्या सीटला लागून एक म्हातारं जोडपं बसायचं, काकांकडे खिशात मावेल एवढा रेडिओ, एका कानात इअरफोन, बायकोला स्कोअर सांगत राहायचे जरी तो समोर मोठ्या बोर्डावर दिसत असायचा. मी सारखा बॉल शोधायचो आणि तो मला कधीच दिसायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या गेमला ते म्हणाले, अरे पोरा, बॉल बघू नकोस, मधल्या पाच जाड्यांना बघ. खेळ सुरू झाला की बॉल ज्यांच्याकडे त्या टीमचे ते पाचजण पुढे घुसले तर बॉल घेऊन पळणार, मागे सरकत उभे राहिले तर पास टाकणार, आणि त्यातला एखादा सरळ जायच्या ऐवजी आडवा पळाला तर सगळे त्याच्याच मागून जाणार. एवढंच. त्या दिवशी मी दहा मिनिटांत जेवढा खेळ शिकलो तेवढा आधीच्या वर्षात शिकलो नव्हतो. आणि ही गोष्ट टीव्हीवर नीट दिसत नाही हे लक्षात घ्या, टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे, लांबचे रिसीव्हर (पास झेलणारे) आणि सेफ्टी (सगळ्यात मागचे बचाव करणारे) चौकटीच्या बाहेर. स्टेडियमात पूर्ण मैदान तुमचं, बॉल टाकायच्या आधी कोण मोकळा सुटलाय हे तुम्हाला आधी कळतं आणि तुम्ही ओरडता, हा आनंद घरी सोफ्यावर नाही.

रेडिओची सवय मी उचललीय. जाहिरातींच्या ब्रेकमध्ये कॉमेंटेटर सांगतात कोण लंगडतोय, रेफ्रीनं नेमकं काय दिलं, जे स्टँडमधल्या माणसाला कुणी सांगत नाही. फोनवरचं स्ट्रीमिंग मागे पडतं, तेव्हा साधा रेडिओच घ्या.

लवकर जा, किकऑफच्या निदान ४५ मिनिटं आधी सीटवर हवं. बँडसाठी. हाफटाइमला लोक पाय मोकळे करायला जातात तेव्हा तुम्ही बसून राहा, पाय मोकळे दुसऱ्या क्वार्टरच्या एखाद्या ब्रेकमध्ये करा, रांगही छोटी असते. ओहायो स्टेटचा बँड मैदानावर चालत चालत ओहायो हे नाव लिहितो आणि शेवटी सूझाफोनवाला (अंगाभोवती गुंडाळलेलं मोठं पितळी वाद्य वाजवणारा) वळत वळत येऊन आय वरचा टिंब होतो, ते टीव्हीवर बहुतेक वेळा दाखवतच नाहीत, त्या वेळी स्टुडिओतले लोक बोलत असतात. आयोवा सिटीत, आयोवा विद्यापीठाच्या गेमला, पहिला क्वार्टर संपला की पूर्ण स्टेडियम पाठ फिरवून शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतं, वरच्या मजल्याच्या काचेपाशी पोरं उभी असतात आणि तीही हात हलवतात. २०१७ पासून चालू आहे हे. मी तिथे होतो तेव्हा माझ्या पुढचा दांडगा माणूस, जो तोपर्यंत रेफ्रीला शिव्या घालत होता, टोपी काढून हात हलवत होता आणि डोळे पुसत होता.

खेळाडू ओळखीचे राहिले नाहीत ही तक्रार खरी आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवता येतात आणि एकदा टीम बदलली तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे गेल्या वर्षीचा आवडता क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) या वर्षी दुसऱ्याच रंगात दिसतो. पोरांना पैसे मिळतात हे चांगलंच झालं, एवढी वर्षं त्यांच्या जिवावर बाकी सगळे कमवत होते. पण प्रेक्षकाला ओळख परत करावी लागते, तर एवढं करा, जायच्या आदल्या रात्री दोन्ही टीम्सचं रोस्टर (खेळाडूंची यादी) काढून पाच-सहा नंबर लिहून ठेवा, नाव, गाव, आधी कुठे होता. नुसत्या ९ नंबरला टाळ्या वाजवणं आणि छोट्या गावातून आलेल्या त्या पोराला टाळ्या वाजवणं यात खूप फरक पडतो.

जुन्या दुष्मन्या मोडल्या त्याचं मात्र मला उत्तर सापडलेलं नाही. २०२४ मध्ये पॅक-१२ या पश्चिमेकडच्या जुन्या कॉन्फरन्समधून दहा टीम्स गेल्या आणि ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोघंच मागे राहिले. अशा फेरबदलांमुळे न्यू जर्सीच्या रटगर्सला एका शुक्रवारी लॉस एंजेलिसला खेळायला लागलं, त्यांच्या घरच्या घड्याळात किकऑफ रात्री ११ ला. अशा गेमला स्वतःच्या टीममागे कोण जाणार? माझा सल्ला, गाडीनं जाता येईल अशाच प्रतिस्पर्ध्याचा गेम घ्या, दोन्ही बाजूंचे लोक आले तरच आवाज चढतो.

आणि घरात लहान मुलं असतील तर पहिला गेम एफसीएसचा, म्हणजे खालच्या गटाचा दाखवा. तिकीट स्वस्त, पार्किंग जवळ, ब्रेक कमी, हवं तिथे बसा. ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांचे गेम, ग्रॅम्ब्लिंग, सदर्न, जॅक्सन स्टेट, इथे तर बँडसाठीच माणसं येतात आणि हाफटाइमला कुणी जागचं हलत नाही.

परतताना घाई करू नका, गेम संपल्यावर टीम आणि विद्यार्थी मिळून कॉलेजचं गाणं म्हणतात तोवर थांबा, तसंही पार्किंगमधून पहिला अर्धा तास गाडी हलत नाही. गाडी लावताना लांब लावा, पंधरा-वीस मिनिटं चालायला लागेल अशी, बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून.

ते काका-काकू आता येत नाहीत. सीटसाठी दरवर्षी देणगी द्यायला लागायची, तिच्यावर करात मिळणारी सूट २०१८ पासून बंद झाली, आणि त्याच सुमारास त्यांच्या विद्यापीठानं देणगीची रक्कम वाढवली. तीस वर्षांच्या दोन सीट्स एका पत्रात गेल्या, साधा फोनही कुणी केला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. या ऑक्टोबरात जवळच्या एका छोट्या कॉलेजचा गेम आहे, दुपारी १ ला, पश्चिमेचा स्टँड, पायऱ्या कमी, मी चार तिकिटं काढलीयत. काकूंनी विचारलं उशी आणायची का. काकांनी रेडिओ कुठे ठेवलाय ते शोधायला घेतलंय.