कंपेलच्या बाजूला घोडा काढण्याआधी

इंदूरहून घोड्यावर एक दिवस बाहेर पडायचं असेल तर कंपेलची बाजू चांगली. १७२० च्या सुमारास परगण्याची कचेरी इंदूरला हलली, त्याआधी ती कंपेललाच होती. आता ते शेतीवाडीचं गाव आहे आणि तिथले मुरमाचे रस्ते घोड्याच्या पायाला डांबरापेक्षा कितीतरी बरे. हंगाम सोयाबीन कापून झाल्यापासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यात माळव्याची काळी माती नाल धरून ठेवते आणि उपटून काढते. उन्हाळ्यात त्याच मातीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. फेरी वीस ते पंचवीस किलोमीटरची धरा. चालीत घोडा तासाला सहा किलोमीटर आणि दुडकीत बारा-तेरा जातो, पण पाण्याचे थांबे धरले तर सरासरी सहा-सातच्या वर सरकत नाही. म्हणजे साडेतीन-चार तास खोगिरावर.

तयारी तीन आठवडे आधी आणि खुरांपासून सुरू करा. नाल बसवून पाच-सहा आठवडे झाले असतील तर नवीन बसवायची, पण निघण्याच्या निदान सात दिवस आधी. आदल्या दिवशी नाल बसवून घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. खिळा खुराच्या जिवंत भागाला दाबत असेल तर घोडा लगेच लंगडत नाही. दोन ते पाच दिवसांनी खूर तापतं आणि मग तो पाय उचलून धरतो. तेवढा वेळ हातात हवा. नालबंद गेल्यावर खुराच्या बाहेरच्या भिंतीवरून अंगठा वरून खाली फिरवा. वळवलेली खिळ्यांची टोकं बोटाला लागता कामा नयेत. एखादं टोक उचललेलं असेल तर तो खिळा सैल आहे, आणि चालताना तेच टोक दुसऱ्या पायाला ओरखडतं. नालेची मागची टोकं टाचेबाहेर फार आलेली नकोत, कारण मागचा पाय त्यांच्यावर पडला की नाल गेलीच. पक्क्या रस्त्यावर चालवून कान द्या. सैल नालेचा खडखडाट वेगळा ऐकू येतो. तळाच्या त्रिकोणी मऊ भागाशेजारच्या खाचा रोज कोरून काढा. काळा, घाण वासाचा चिखल निघाला तर तबेल्यातली ओल आधी दूर करायला हवी, नुसतं औषध लावून भागत नाही.

ह्याच तीन आठवड्यांत घोड्याला कामाची सवय लावा. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड पाऊण तास नुसती चाल, दुसऱ्यात त्यात दहा-दहा मिनिटांची दुडकी, तिसऱ्यात एकदा सलग दोन तास. भरधाव सोडण्याची हौस ह्या फेरीत नको.

वजनाचा हिशोब टेपने होतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे शेपटीकडच्या मांसल भागाच्या, टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६५ आणि लांबी १५० आली तर वजन साधारण ३४४ किलो. त्याच्या २० टक्के, म्हणजे ६९ किलो, ही स्वार, खोगीर आणि पिशव्या मिळून मर्यादा. खोगीरच आठ-दहा किलो खातं, तेव्हा ऐंशी किलोच्या माणसाने मोठं जनावर शोधावं किंवा अर्धी वाट लगाम धरून पायी चालावं. त्यात कमीपणा काही नाही.

स्वतःचा घोडा नसलेल्यांना, म्हणजे आजच्या बारगिरांना, इंदुरात बहुधा वरातीची घोडी मिळते. ती बँडला आणि फटाक्यांना बुजत नाही. मोकळ्या रानात मात्र भांबावते, आणि लगाम खेचला की जागच्या जागी नाचायला लागते, कारण तिला तेच शिकवलेलं असतं. देवउठनी एकादशीनंतर लग्नं सुरू होतात. मुहूर्ताच्या रात्री घोडी एक-दोन वाजेपर्यंत उभी असते, तेव्हा लगेच दुसऱ्या सकाळचं बुकिंग घेऊ नका, मालक कितीही हो म्हणाला तरी. बघायला जाल तेव्हा आधी तोंड पाहा. लगामाची तोंडातली कडी काटेरी असेल तर ती बदलून साधी गुळगुळीत कडी लावायला सांगा. १९६५ च्या भारवाहक जनावरांच्या नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे. ओठांच्या कोपऱ्यात जुने व्रण, पाठीच्या कण्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके आणि तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या, जागी टक्कल दिसलं तर दुसरी घोडी बघा. पांढरे ठिपके जुन्या दाबाच्या जखमांचे असतात. अर्थात घोडी मुळातच पांढरी असेल तर डोळ्यांवर विसंबू नका, बोटांनी चाचपा.

खोगिराची परीक्षा घामाने होते. तासभर चालवून खोगीर उतरवा आणि नमद्याखालची, म्हणजे खोगिराखाली घालायच्या जाड घडीखालची, पाठ बघा. सगळीकडे सारखी ओल असेल तर ठीक. ओल्या पाठीवर हाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे खोगीर दाबतंय, चार तासांत तिथे फोड येणार. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्यावर, स्वार बसल्यावरही, दोन-तीन बोटं आडवी जातील एवढी पोकळी हवी. पाय ठेवायच्या रिकिबीच्या पट्ट्यांची शिवण बकलाजवळ कुजते, म्हणून दोन्ही पट्ट्या पूर्ण ताकदीने ओढून बघा. तंग तीनदा कसायचा: खोगीर ठेवताना हलका, पाच मिनिटं चालवून झाल्यावर, आणि वीस मिनिटांनी पुन्हा. बरेच घोडे तंग कसताना पोट फुगवून धरतात, एकदाच कसलात तर चढणीवर खोगीर मागे सरकतं.

कागदपत्रांचं काम पंधरा दिवस आधी पशुवैद्याकडे जाऊन उरका. धनुर्वाताची लस वर्षातून एकदा. ती स्वारानेही घेतलेली असावी. ग्लँडर्सची तपासणी झालेली आहे का ते विचारा, हा रोग माणसालाही होतो. पावसाळ्यानंतर माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप येऊन जात असेल, घोडा खाऊनही खंगत असेल, तर आधी रक्त तपासा. गाडीतून नेणार असाल तर १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे घोडा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला सोबत हवा.

आणि गाडी लागतेच. कंपेलकडे जाताना नेमावर रोडवर देवगुराडियाच्या आसपास कचऱ्याच्या ट्रकांची वर्दळ असते, शिवाय भटकी कुत्री. तो तुकडा घोड्यावरून करण्यात काहीच मौज नाही. पिकअपच्या तळाला रबरी चटई किंवा वाळूवर पेंढा टाका. लोखंडी पत्र्यावर नाल घसरते. चढवताना गाडी एखाद्या बांधाला मागून लावा, फळीवर भरवसा ठेवू नका. दोरी हातभर, गाठ एका झटक्यात सुटणारी. महाशिवरात्रीला देवगुराडियाला जत्रा असते, तो दिवस टाळाच.

चंदीचं, म्हणजे दाण्याचं, वेळापत्रक आदल्या दिवशी बदलायचं नाही. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला पाच ते सात किलो, आणि सोबत २५ ते ४० लिटर पाणी. थंडीत घोडे गार पाणी कमी पितात. त्यात गव्हाचा कोरडा भुसाच दिला की आतडं तुंबून पोटशूळ होतो. भुसा भिजवून द्या, पाणी कोमट करा, ३० ग्रॅम मीठ घाला. सकाळी चंदी निघण्याच्या तीन तास आधी, नाहीतर नकोच. थोडी वैरण मात्र चालते. आदला दिवस विश्रांतीचा असेल तर चंदी अर्धी करा. पूर्ण खुराकावर उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला लागला की अर्ध्या तासात कधी कधी पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे होतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची येते. अशा वेळी त्याला एक पाऊलही चालवू नका, जागेवरच पांघरूण घालून डॉक्टर बोलवा. पोटशूळात घोडा लोळू पाहतो, तिथे सावकाश फिरवलेलं चालतं. ह्या दोघांची गल्लत महागात पडते.

पिशवीत खूर कोरायचा आकडा, थर्मामीटर, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, रुंद क्रेप पट्टी, चाकू, जादा दोरी, तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी), घडीची बादली आणि मीठ. वेदनाशामक औषध मनाने द्यायचं नाही. मदतीला १९६२ हा पशुचिकित्सेचा फोन आहे, आणि महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे. निघण्याआधी चौकशी करून ठेवा.

स्वाराला हेल्मेट आणि दीड-दोन सेंटीमीटर टाचेचे बूट. सपाट स्पोर्ट्स शूज रिकिबीतून आरपार जातात आणि पडल्यावर पाय अडकून माणूस फरपटतो. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद हवी. पोहे-जिलेबी परत आल्यावर.

जानेवारीत सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो, तेव्हा साडेसातला खोगिरावर. निघण्याआधी आराम करत असतानाची नाडी, श्वास आणि ताप लिहून ठेवा: नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. वाटेत थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी ६४ च्या खाली आली नाही तर तिथूनच मागे फिरा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर पाणी कमी पडलंय.

शेतात शिरू नका. सोयाबीनची कापलेली खुंटं तिरकी आणि टोकदार असतात, तळव्यात सरळ घुसतात. आणि गहू उगवला असेल तर नुकसान शेतकऱ्याचं. रोजड्यांना, म्हणजे नीलगायींना, अडवायला बांधावर झटका मशीनच्या विजेच्या तारा ओढलेल्या असतात, त्या पातळ असल्यामुळे उशिरा दिसतात. तारांपासून निदान दोन हात अंतर ठेवून चाला. स्प्रिंकलर अचानक फुसफुसून सुरू झाला की शांत घोडाही बाजूला उडी मारतो. लांबून पाण्याचे फवारे दिसले की उतरून पायी न्या. कंपेलला घोडे बांधायचे तर आधी विचारा, आणि हातपंपाच्या चिखलापासून लांब बांधा.

शेवटचे दोन किलोमीटर चालीतच. परतल्यावर तंग एकदम न सोडता दोन भोकं सैल करा, दहा मिनिटांनी खोगीर उतरवा, घाम सुकल्यावर खरारा. पाणी थोड्या थोड्या वेळाने, लागेल तितकं, चंदी तासाभरानंतर. रात्री चारही खुरांवर तळहात ठेवून ऊब बघा आणि दुसऱ्या दिवशी सपाट जागी दुडकीत चालवा. पुढचा पाय टेकताना डोकं वर झटकत असेल तर दुखणं त्याच पायात आहे. पशुवैद्याला बोलवा, आणि नालबंदाने खिळे काढायचे तर त्याच्यासमोरच.